दोन पेडलांची गाडी

परवा इंदापूरहून बारामतीला निघालो आणि वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो. हंगाम सुरू झालाय. पुढं दोन ट्रॉल्यांचं लांबलचक धूड, ट्रॅक्टरवर दोन कर्णे, आणि रस्त्याकडेच्या म्हशींनाही एव्हाना पाठ झालं असेल असं एकच गाणं. गाडी माझी लेक चालवत होती. ती वैतागली. मी मात्र काच खाली केली आणि कारखान्याकडनं येणारा मळीचा वास छातीभर घेतला. हा वास घाण आहे म्हणणारी माणसं आमच्या घरात सून म्हणून आली, जावई म्हणून आली, आणि दोन हंगामांत गप्प झाली.

रांग हलेना तेव्हा लेकीनं फोन माझ्यापुढं धरला. "आई, ही बघ. अमेरिकेत नवीन काढलीय. आत्ताच पडदा उघडलाय." लांब नाक, रुंद खांदे, बारीक केलेले डोळे, आणि पुढच्या जाळीत धावता घोडा. मी म्हटलं, "हिच्या आजीला मी ओळखते. आमच्या सोप्यात असायची." लेक नुसती हसली. आईचं आता वय झालं, असं तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

गाडीचं नाव मी इथं लिहीत नाही. गाड्यांचं वेड असणाऱ्यांनी घोड्यावरून ओळखलं असेलच, आणि बाकीच्यांना नाव सांगून तरी काय उपयोग!

तो त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा हंगाम. पिंपळीच्या पुढं आमची वस्ती. मी बारामतीच्या कॉलेजात बी.ए.ला होते, घरातली पहिली इंग्रजी वाचणारी, आणि त्याचा मला भलताच तोरा होता. माझ्या वडिलांना सगळे तात्या म्हणायचे. तात्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, ऊस आला आणि उसामागून ट्रॅक्टर आला. तो चालवायचा माझा थोरला भाऊ, दादा. आई माझ्या लहानपणीच गेली, त्यामुळं घर वहिनीच्या हातात. वहिनी म्हणजे दादाची बायको, कमल. मूळची भिगवणची, धरणाच्या पाण्याकडेची. मासा आणि बोलणं दोन्ही ताजंच लागायचं तिला, शिळं काही पोटात ठेवायची नाही.

दादासारखा ट्रॅक्टर आमच्या शिवारात कुणी चालवत नव्हतं. भरल्या ट्रॉलीसकट तो कालव्याचा चढ असा चढायचा की वरचं उसाचं एक टिपरू हलायचं नाही. आदल्या हंगामात कारखान्याच्या आवारात ट्रॉली जोडताना ती उतारानं मागं सरकली आणि त्याचा डावा पाय खाली सापडला. गुडघ्याखालून काढावा लागला. पुण्याला जाऊन रबरी पाय बसवून आणला. त्या पायानं चालता यायचं, बांधावरनंसुद्धा जाता यायचं. पण ट्रॅक्टरला क्लच डाव्या पायानं दाबायचा असतो, आणि तो किती दाबला, किती सोडला हे रबराला काय कळणार? एकदा प्रयत्न केला. पाय घसरला, ट्रॅक्टर गोठ्याच्या भिंतीला जाऊन भिडला. त्या दिवसापासनं दादा पुढच्या सोप्यात बाजेवर बसला तो बसला.

ट्रॅक्टरवर भाड्याचा ड्रायव्हर ठेवला. सकाळी तो चावी न्यायला यायचा, आणि दादा भिंतीकडं तोंड करायचा. जेवायला बोलावलं तर "भूक न्हाय", माणसं भेटायला आली तर "पडलोय जरा". हसरा माणूस असा विझत जाताना बघणं फार वाईट. शेवटी एकदा तात्या मला म्हणाले, "पोरी, ह्या हंगामाचा पट्टा पडंस्तवर वाट बघायची. तवर त्यो सोताच्या हिंमतीवर ट्रॅक्टरवर बसला तर बरं. न्हायतर ट्रॅक्टर इकायचा. रोज डोळ्यापुढं उभा ऱ्हातोय आन माझं पोरगं खातोय." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचं गाळप संपणं. तात्यांनी ते दादालाही सांगितलं. दादा "बरं" म्हणाला, एवढंच.

आणि अशा घरात ती गाडी आली.

बारामतीच्या स्टँडजवळ एक रद्दीचं दुकान होतं. पोरी तिथं जुनी गाईडं शोधायला जायच्या, मी गाड्यांची मासिकं शोधायला जायची. हे वेड मला कुठनं लागलं देव जाणे. घरात गाडी म्हणावी तर ट्रॅक्टर आणि एक सायकल. पण एसटीच्या खिडकीतनं मी माणसं बघायची नाही, गाड्या बघायची. त्या दिवशी एमआयडीसीतल्या कुण्या साहेबाच्या घरची रद्दी आली होती आणि तिच्यात एक परदेशी मासिक. गुळगुळीत कागद, आणि मुखपृष्ठावर ती. लालभडक. वाळत घातलेल्या मिरच्यांवर ऊन पडल्यावर दिसतो तसला लाल. मी पैसे देऊन ते छातीशी धरलं आणि एसटीत उभ्यानं वाचत आले. अर्धं इंग्रजी कळलं नाही. पण आठ सिलिंडर कळले, दोनशेच्या वर घोड्यांची ताकद कळली. कितीतरी वर्षांनी नवं रूप आलंय आणि तिकडची माणसं वेडी झालीत, हेही कळलं. दाराच्या मागं, चाकाच्या पुढं, अंगात एक खोबण होती. त्या खोबणीवर मी रस्ताभर बोट फिरवत होते.

घरी ते मासिक सोप्यात उघडलं, आणि बघता बघता माणसं जमली. आमच्याकडं कुठलीही गोष्ट एकट्यानं बघायची पद्धत नाही.

"दोनशे घोडं? आपला पस्तिसाचा हाय तर दोन ट्रॉल्या वढतोय. ही किती वढंल?"

"हूक कुठाय पर हिला? मागं काय जोडायचं?"

"हिच्या पोटाखालनं कोंबडं जायचं न्हाय, आन म्हणं गाडी! आपल्या वस्तीच्या रस्त्याला पयल्याच खड्ड्यात पोट फुटंल की."

"मागची शिटं बघा. शेरडू बी बसायचं न्हाय."

मला असा राग आला! माझ्या माहेरच्या माणसाला कुणी नावं ठेवावीत तसा. मी म्हटलं, "ही ओझं वढायला न्हाय केलेली. नुसती पळायला केलेली हाय." नुसतं पळायसाठी कुणी गाडी करतं, आणि माणसं ती घेतात, ही गोष्ट आमच्या सोप्यात कुणाच्या डोक्यात शिरेना. तात्या मात्र म्हणाले, "चांगलंच हाय की. जनावर बी मोकळं सोडलं की उगंच पळतं. त्येला काय काम असतंय?"

दादा या सगळ्यात नव्हता. बाजेवर होता, पण नव्हता. माणसं पांगल्यावर मी मासिक त्याच्यापुढं नेलं, आणि गाडीच्या आतल्या भागाचं पानभर चित्र होतं ते दाखवलं. तो बघत राहिला. मग एकदम माझ्या हातातनं मासिक ओढून त्यानं उजेडाकडं धरलं.

"शालन, हितं क्लच न्हाय."

"चित्रात आला नसंल."

"ब्रेक हाय. एक्सलेटर हाय. क्लच न्हाय."

मी डिक्शनरी घेऊन बसले. या गाडीचा क्लच दाबावा लागत नाही, गिअर आपोआप पडतात, असं तिथं छापलेलं होतं. तसं मी त्याला सांगितलं.

"आपोआप म्हंजे? क्लच कोण दाबतं?"

"कुणीच न्हाय. आतल्या आत होतं समदं."

"आतल्या आत म्हंजे कुणीतरी दाबतच असणार की. दिसत नसंल, एवढंच." दादा चित्रावरनं नजर काढेना. "म्हंजे डावा पाय लागत न्हाय. लागतच न्हाय."

कितीक महिन्यांत तो एका वेळी इतकं बोलला नव्हता. वहिनी आतनं पिठाचे हात घेऊन आली, तिनंही चित्र बघितलं आणि म्हणाली, "अमेरिकंत लंगडी माणसं लई असतील, न्हाय? त्याबिगर असली गाडी कोण काढंल?"

"असतील," तात्या म्हणाले. "सारख्या लढाया करत्यात ती लोकं."

झालं! दुसऱ्या दिवशीपासनं वस्तीभर बातमी, दादाच्या घरी लंगड्यांच्या गाडीचा फोटू आलाय. मी शंभरदा सांगितलं की ही गाडी धडधाकट माणसांची आहे, श्रीमंत पोरं हौसेला घेतात. कुणी ऐकेल तर शपथ. बायाबापड्या यायच्या, दादाला म्हणायच्या, "तुज्यासारख्यांची सोय केली बघ देवानं." एरवी दयेचं बोलणं आलं की दादा पेटायचा. पण आता त्याच्याकडं दाखवायला काहीतरी होतं. तो मासिक मांडीवर घेऊन समजावून सांगायचा, हा ब्रेक, हा एक्सलेटर, आणि ही मोकळी जागा. काटेवाडीहून एक आबा आले, लहानपणापासनं एक पाय बारीक असलेले. एसटीनं, खास एवढ्यासाठी. त्यांनी ते चित्र फार वेळ बघितलं.

"घोड्याची निशाणी बरी केली," ते म्हणाले. "दोन पायवाल्यांच्या म्होरं जाईल ही."

मला राहवेना म्हणून म्हटलं, "आबा, ही लंगड्यांसाठी न्हाय. समद्यांसाठी हाय."

"समद्यांना कशाला? त्येंना दोन पाय हायेत की!"

तेव्हा मला हसू आलं होतं. आज वाटतं, आबांचं काय चुकलं? तिकडच्या गाडीवेड्यांनी त्या गाडीवर काय काय लिहिलं, इंजिन असं गुरगुरतं, वळणावर अशी धरून राहते. मीही ते वाचून वेडी होते, नाही म्हणत नाही. पण आमच्या सोप्यात त्या गाडीतली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे तिच्या तळाशी असलेली ती रिकामी जागा. तिथं काहीच नव्हतं, आणि दादा तासन् तास तिथंच बघत बसायचा.

भिगवण रोडला जब्बारभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. दादानं त्यांना बोलावून घेतलं आणि चित्र दाखवलं. जब्बारभाईंनी चष्मा कपाळावर चढवून ते बघितलं, मग अंगणातल्या ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या. "अमेरिकावाल्यानं क्लच आत लपवलाय. आपण वर आणू. हाताला." पेडलला पाइप जोडायचा, तो डाव्या हाताशी आणायचा, हातानंच दाबायचा. ऐकताना सोपं वाटलं. पण एक हात गिअरला आणि दुसरा क्लचला, मग स्टेअरिंग कोण धरणार? त्याला खटका पाहिजे. दाबला की अडकून राहील, सोडताना हळू सुटेल. जब्बारभाई म्हणाले, "चार दिसात देतो." हंगामात वेल्डिंगवाल्याचे चार दिवस म्हणजे काय ते ज्याची ट्रॉली मोडली त्यालाच माहीत. पहिला दांडा आला तो वाकला. दुसऱ्याचा खटका असा सुटला की ट्रॅक्टरनं उडीच मारली. तिसऱ्याची वाट बघणं सुरू झालं.

तेवढ्यात भाड्याचा ड्रायव्हर घरी लग्न आहे म्हणून गेला तो गेलाच. रानात तोडलेल्या उसानं भरलेली ट्रॉली उभी, आणि ऊस उन्हात वाळतोय. ऐन हंगामात दुसरा ड्रायव्हर कुठनं आणायचा? तात्या हिंडून आले, हात हलवत आले. "इकूनच टाकू," ते म्हणाले. दादा बाजेवर बसल्या जागी ताठ झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

वहिनी उंबऱ्यात उभी होती. "इकायचा तवा इका. आदी भरल्याली ट्रॉली तर कारखान्याच्या काट्यावर जाऊ द्या." मग दादाकडं वळून म्हणाली, "उठा. तुमी वर बसा. क्लच मी दाबते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमी सांगा. दाब म्हणला की दाबीन, सोड म्हणला की सोडीन. लगीन झाल्यापास्नं दुसरं काय करतेय?"

तात्या इतके मोठ्यानं हसले की दादालाही हसावं लागलं.

आधी ट्रॉली न जोडता, ऊस तोडलेल्या रानात. दादा सीटवर, वहिनी डाव्या बाजूला फळीवर उभी, पदर कमरेला खोचलेला, एक हात मडगार्डाला, डावा पाय क्लचवर. "दाब!" गिअर पडला. "सोड... हळू, हळू, अगं हळू!" ट्रॅक्टर बेडकासारखा उडाला आणि बंद पडला. वहिनीनं ट्रॅक्टरलाच शिव्या घातल्या. पुन्हा "दाब", पुन्हा "सोड". ऊन डोक्यावर आलं तसा ट्रॅक्टर उडायचा थांबला आणि चालायला लागला. दादाच्या कपाळावर घाम, वहिनीच्या पायाला गोळा आलेला, आणि मी बांधावर उभी राहून टाळ्या वाजवत होते, आठ सिलिंडरची ती लाल गाडीच जणू आमच्या रानात उतरली होती.

कारखान्याच्या रांगेत मी पण गेले, उजव्या मडगार्डावर बसून. बाई ट्रॅक्टरच्या फळीवर उभी आहे म्हटल्यावर पुढचे मागचे ड्रायव्हर जमले. एकानं खडा टाकलाच, "दादा, क्लच नवा टाकला व्हय?"

"व्हय," वहिनी म्हणाली. "आन ह्यो घसरत न्हाय. तुमचा बघा."

ड्रायव्हर आपापल्या ट्रॅक्टरकडं वळले. रांग सरकत सरकत आम्ही आवारात शिरलो, आणि दादाचा पाय गेला होता ती उताराची जागा आली. दादा मान खाली घालून त्याच जमिनीकडं बघायला लागला. मला दिसलं, वहिनीलाही दिसलं. "खाली बघू नका," ती हलक्या आवाजात म्हणाली. "म्होरं बघा. आपला नंबर आला."

मग रोजच तसं चाललं. वहिनी तांबडं फुटायच्या आत स्वयंपाक उरकायची आणि फळीवर उभी राहायची. हळूहळू "दाब, सोड" कमी झालं. दादा नुसतं बोट उचलायचा. पुढं बोटही उचलेनासा झाला. इंजिनाच्या आवाजावरनं तिला कळायचं. कालव्याच्या चढाला दादाचा हात गिअरकडं जायच्या आत तिचा पाय क्लचवर गेलेला असायचा. वस्तीवरच्या बाया तिला नावं ठेवायच्या आणि संध्याकाळी तिच्याकडंच चहाला यायच्या. दादा जेवायला लागला. रागवायला लागला, हे त्याहून बरं.

पण एकदा रांगेत तो मला म्हणाला, "शालन, ह्ये माझं चालवणं न्हाय. हिच्या पायाला रात्रीचं गोळं येत्यात, ती मला सांगत बी न्हाय. तात्या म्हणलं ते खरंय. सोताच्या हिंमतीवर बसलो तर बसलो, न्हायतर इकलेला बरा." हे मी वहिनीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती थेट जब्बारभाईंच्या दुकानात गेली आणि वेल्डिंग चालू असताना समोर जाऊन उभी राहिली. "भाई, ईदच्या आत पायजे. न्हायतर ह्या वर्षी शिरखुर्मा प्यायला कोण येतंय त्ये मी बघते." जब्बारभाई हात जोडून म्हणाले, "भाभी, तुमच्यापुढं अमेरिकावाला बी हात टेकंल."

लेकीच्या गाडीलाही दोनच पेडलं आहेत. तिला त्यात काही नवल वाटत नाही, आणि का वाटावं? परवा ट्रॉल्यांच्या रांगेत ती डावा पाय आखडून निवांत बसली होती. बिनकामाचा तो पाय बघून मला कसंसंच झालं. मी तिला हे सगळं सांगायला तोंड उघडलं, आणि नेमकी रांग हलली.

ईदच्या आदल्या दिवशी दांडा बसला. जाड पाइप, वर सायकलची रबरी मूठ, आणि बाजूला खटका. दादानं अंगणात बसल्या बसल्या तो दिवसभर दाबून सोडून बघितला. हंगाम संपत आला होता. कारखान्याची चिमणी अजून धूर टाकत होती, पण ऊसतोड टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्या निघायला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी ट्रॉली जोडून रानात जायचं होतं. दादा एकटा वर चढला. तात्या अंगणात उभे राहिले. मी वहिनीला हाका मारल्या.

"मला भाकरी हायेत," ती आतनं म्हणाली.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. वहिनी चुलीपुढं बसली होती, डावा पाय पुढं घेऊन, परातीत भाकरी थापत. बाहेर इंजिन सुरू झालं. खटका पडल्याचा आवाज आला, आणि वहिनीच्या डाव्या पायाची बोटं जमिनीवर दाबली गेली. गिअर पडला. मग तिचा पाय हळू, हळू वर आला, आणि बाहेर ट्रॅक्टर हलला, जराही हिसका न देता. तिची नजर परातीतच होती. आपला पाय काय करतोय याचा तिला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या गिअरला कर्रर्र झालं.

"अवं, पुरता दाबा की!" ती चुलीपुढनंच ओरडली. ऐकायला दादा तिथं नव्हता. तो वस्तीच्या वळणावर पोचला होता.

तिसरा बिनआवाज पडला. बाहेर तात्या पटक्याच्या शेवानं डोळे पुसत होते आणि "गेला की! गेला की!" एवढंच म्हणत होते. आवाज लांब लांब जात राहिला, डांबरी रस्त्याला लागला आणि बाकीच्या ट्रॅक्टरांच्या आवाजात मिसळून गेला. तव्यावरची भाकरी करपली होती. वहिनीचा पाय जमिनीवर तसाच दाबलेला होता, पोटरीची शीर ताठ झालेली. मी तिच्याजवळ बसले आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वहिनी, सोडा आता," मी म्हटलं. "लागला दादा रस्त्याला."

तिनं आपल्या पायाकडं बघितलं, आणि पिठाचे हात तसेच तोंडावर घेऊन ती जी रडायला लागली, ती चूल विझेपर्यंत थांबली नाही.